निळ्याच्या खाली

माझ्या टेबलावरून खराब माल कधी पुढे गेला नाही, असं मी आयुष्यभर छाती ठोकून सांगत आलो. ते खरंच आहे. फक्त एका शुक्रवारची सकाळ त्यातून वजा करावी लागते, आणि त्या सकाळचं कारण माझं जेवण होतं. म्हणजे खरं तर माझं न जेवणं.

एकोणीसशे सत्तरच्या आसपासची गोष्ट. साताऱ्याकडून आलेला मी, पिंपरीच्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होतो. चिंचवडला दोन खोल्या, घरी बायको आणि दोन मुली. माझ्याकडे पितळी बुश तपासायला यायचे. बुश म्हणजे मधे भोक असलेलं लहानसं नळकांडं. ऑपरेटर ते आतून कातून आणायचे आणि भोक बरोबर पडलंय की नाही, हे मी बघायचो. त्यासाठी गेज असायचं, वीतभर लांबीचा पोलादी दांडा, दोन्ही टोकांची जाडी वेगळी. गो टोक भोकात गेलंच पाहिजे. नाही गेलं तर भोक लहान. नो-गो टोक जाता कामा नये. गेलं तर भोक मोठं. लहान भोक पुन्हा कातता येतं. मोठं झालं की माल भंगारात. दोन्ही टोकं लावून झाली की ट्रेच्या कार्डावर माझा जांभळा शिक्का पडायचा, आणि त्यानंतर त्या मालाकडे कुणी पुन्हा वळून बघत नसे.

मी खवट होतो, हे मान्य करतो. ऑपरेटर लोक हात जोडायचे, "एवढा एक सोडा की राव." मी सोडत नसे. भोकाला भावकी कळत नाही, असं मी म्हणायचो आणि स्वतःच्याच वाक्यावर खूश व्हायचो.

त्या वर्षी वार्षिक तपासणीत कंपनीच्या डॉक्टरांनी मला परत बोलावलं. मला तहान फार लागत होती आणि पँट कमरेला सैल होत चालली होती. मी उन्हाळ्याला दोष देत होतो. डॉक्टर म्हणाले, "मधुमेह आहे." मग त्यांनी मला माझं काम विचारलं आणि ते ऐकून चष्मा काढून टेबलावर ठेवला. "साखर वरखाली झाली की नजर बदलते. आज स्वच्छ दिसतं ते उद्या धूसर दिसेल. इन्स्पेक्टरला हे चालणार नाही. आज लगेच मी तुमचं टेबल काढून घेत नाही. दिवाळीपर्यंत गोळी घ्या, जेवण सांभाळा. त्यानंतर ओळीने तीन महिने दवाखान्यात लघवीचा नमुना द्यायचा. तिन्ही स्वच्छ आले तर टेबल तुमचं. नाही तर स्टोअरला बदली."

स्टोअर म्हणजे नट-बोल्टांच्या पेट्या मांडायच्या आणि मागेल त्याला काढून द्यायच्या. त्यात कमीपणा काही नाही, हे आज कळतं. त्या दिवशी मला वाटलं, माझा शिक्का काढून घेतला तर माझं काय उरलं? सायकल हातात धरून मी घरापर्यंत चालत आलो. चढायचं सुचलंच नाही.

डॉक्टरांनी एक टाइप केलेला कागद दिला होता. साखर बंद, गूळ बंद, भात बंद, बटाटा बंद, केळं बंद. शिवाय तपासणीची पद्धत समजावून दिली. औषधाच्या दुकानातून मी निळ्या पाण्याची बाटली, काचेची नळी, ड्रॉपर आणि स्पिरिटचा दिवा आणला. नळीत थोडं निळं पाणी घ्यायचं, त्यात लघवीचे आठ थेंब टाकायचे आणि उकळायचं. निळं राहिलं तर साखर नाही. साखर असेल तसं ते हिरवं होणार, मग पिवळं, मग नारिंगी आणि सगळ्यात वाईट म्हणजे विटकरी. मला ते फार आवडलं. दुखणं बाजूला राहिलं, मला घरात वापरायला एक नवं गेज मिळालं होतं. बायकोला अजिबात आवडलं नाही. "हे माझ्या चुलीच्या आसपास दिसता कामा नये," ती म्हणाली. म्हणून माझी प्रयोगशाळा मागच्या दारी, पाण्याच्या बंबाशेजारी मांडली गेली.

पहिल्याच दिवशी तोंडघशी पडलो. कागदावर भाकरीचं नाव नव्हतं. आमच्याकडे भाकरी म्हणजे पथ्याचीच वस्तू, आजाऱ्याला सुद्धा चालणारी. भात गेला त्या दुःखात मी ज्वारीच्या चार भाकरी हाणल्या, पिठल्याबरोबर. दोन तासांनी नळीत अस्सल वीट.

"साखर तर बंद केली. मग ही आली कुठून?" बायकोने विचारलं.

"भाकरीतून."

"भाकरी काय गोड असते?"

"तोंडात धरून चाव बघ. गिळू नकोस."

तिने तुकडा तोंडात टाकला आणि उभ्याउभ्या चावत राहिली. बऱ्याच वेळाने तिचा चेहरा बदलला. "अगंबाई," एवढंच म्हणाली आणि उरलेली भाकरी टोपलीत झाकून ठेवली.

त्या दिवसापासून मी कारखान्याची रीत घरी आणली. मशिनमध्ये बिघाड शोधताना एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाही तर कशाने काय झालं ते कळत नाही. तसंच जेवणाचं. वही घातली. काय खाल्लं, किती खाल्लं, कशाबरोबर खाल्लं, आणि दोन तासांनी रंग कोणता. चार भाकऱ्यांना वीट. तीनला नारिंगी. दोन भाकऱ्या, वाटीभर मुगाची उसळ आणि पालेभाजी भरपूर, तर हिरवट. त्याच दोन भाकऱ्या नुसत्या चटणीबरोबर, तर पिवळा. पोट तेवढंच भरलेलं, पीठ तेवढंच, पण सोबतीला कोण आहे यावर रंग फिरत होता. भाताचंही तसंच निघालं. डॉक्टरांनी बंद केलेला भात मी एका गुरुवारी चार घास खाऊन बघितला, वरण आणि मेथीच्या भाजीबरोबर, आणि लगेच स्टेशनपर्यंत चालून आलो. फिकट हिरवा. तोच चार घास भात खाऊन पडून राहिलो तेव्हा पिवळाजर्द.

आणि साबुदाणा! चतुर्थीला बायकोने हौसेने खिचडी केली. म्हणाली, उपास आहे, हलकं खा. मी बशीभर खाल्ली. नळी गरम होते न होते तोच विटकरी. एकादशी आणि दुप्पट खाशी म्हणतात ते पोटापुरतंच खरं नाही, रक्तालाही लागू आहे. पुढच्या चतुर्थीपासून माझ्या उपासाला भगर आली, तीही मोजून, दाण्याच्या आमटीबरोबर. आमच्या घरात देवाची समजूत बायकोने घातली.

कँटीनमध्ये वेगळी अडचण. तिथला चहा मोठ्या पिंपात साखर-दूध घालूनच उकळून यायचा. बिनसाखरेचा मागणारा तोवर कुणी जन्माला आला नव्हता. मी चहा सोडला. त्याचा राग ऑपरेटर लोकांवर निघायचा, हेही मान्य करतो.

दिवाळी गेली. पहिला नमुना निळा. दुसरा निळा. मी हवेत होतो. रात्रीच्या जेवणानंतर बायकोला वही वाचून दाखवायचो आणि ती भांडी आवरता आवरता ऐकायची. एकदा तिने मधेच विचारलं, "निळ्याच्या खाली काय असतं?"

"निळ्याच्या खाली काही नसतं. निळं म्हणजे पास."

"पण हिरव्याच्या वर पिवळं, पिवळ्याच्या वर नारिंगी, असं चढत जातं ना? मग खाली?"

"अगं, खाली काही नसतंच, तर रंग कुठून येणार!" मी वैतागलो. सातवी शिकलेली बाई, तिला गेजमधलं काय कळणार, असा माझा तोरा.

ती हसली. "मग जेवूच नका. रोज निळं येईल."

मी ते थट्टेवारी नेलं. पण ते डोक्यात राहिलं.

माझ्याकडे बुश घेऊन येणारा एक ऑपरेटर चिखलीचा होता. गावातलं जुनं घर, थोडी जमीन. कंपनीतली पाळी संपली की हा रानात. सगळ्यात जास्त भांडण माझं त्याच्याशीच व्हायचं आणि सगळ्यात जास्त गप्पाही. जानेवारीत एके दिवशी तो टेबलाशी येऊन म्हणाला, "भाऊ, आइतवारी न्हाई, बेस्तरवारी या रानात. हुरडा धरलाय." आमच्या पट्ट्यात सुट्टी गुरुवारची.

"मला पथ्य आहे."

"आवं, हुरडा हाय राव, काय इख न्हाई. कवळी कणसं. आमी भाजून देतो, तुमी निस्तं खावा."

गेलो. शेकोटीतून काढलेली कणसं तळहातावर चोळून तो गरम दाणे माझ्या ओंजळीत टाकत होता, बाजूला शेंगदाण्याची चटणी, दही आणि गुळाची ढेप. कितीतरी महिन्यांनी मी मोजल्याशिवाय खाल्लं. गुळाचा खडाही घेतला, एक म्हणता म्हणता तीन. खोटं कशाला सांगू, त्या दुपारी मी फार आनंदात होतो.

घरी येऊन नळी तापवली. वीट. त्याहूनही काळपट. आणि दुसऱ्या दिवशी शुक्रवारी तिसरा नमुना द्यायचा होता.

आता शहाण्या माणसाने काय करावं? साधं जेवावं, वेळेवर झोपावं आणि डॉक्टरांना जाऊन खरं सांगावं. अतिशहाण्याने काय केलं ते सांगतो. मी बायकोची थट्टा योजना म्हणून उचलली. संध्याकाळी जेवलो नाही. तिला सांगितलं, हुरड्याने पोट भरलंय. वर एक गोळी जास्तीची घेतली. सकाळी नेहमीची गोळी घेतली आणि डबा तसाच पिशवीत टाकून कामावर गेलो. नऊच्या सुट्टीत सगळे नाश्त्याला गेले तेव्हा मी दवाखान्यात बाटली घेऊन उभा होतो.

नळी उकळली. निळी. आकाशासारखी स्वच्छ.

डॉक्टर खूश झाले. "तिन्ही महिने! माझ्या बाकीच्या पेशंटना तुमच्याकडे शिकायला पाठवतो." मी टेबलाशी परत आलो तो जग जिंकून. थंडीचे दिवस असून कपाळावर घाम होता, ओठ बधिर वाटत होते, बोटं थरथरत होती. मला वाटलं, आनंदाने होतंय. मी ट्रे पुढे ओढला आणि कामाला लागलो.

अकराच्या सुमारास चिखलीवाला येऊन समोर उभा राहिला. मशिन सोडून आला होता.

"काय पाहिजे?" मी खेकसलो.

"भाऊ, माझा ट्रे समदा पास क्येला तुमी?"

"मग? पास केला म्हणून तक्रार आहे का?"

"व्हय," तो म्हणाला. "दीडशे नगात एकबी परत न्हाई? चार वर्सांत आसं झालं न्हाई. तवाच म्हनलं, ह्या मानसाचं कायतरी बिनसलंय." मग माझ्याकडे वाकून बघत म्हणाला, "तोंड पांढरं फटक पडलंय तुमचं. काय खाल्लंय का सकाळधरनं?"

मी त्याला काहीतरी लागट बोललो. काय बोललो ते आठवत नाही, कारण शब्द नीट जुळतच नव्हते. त्याने खिशातून कागदाची पुडी काढली. कालच्या ढेपेतला गूळ होता, चहाबरोबर खायला आणलेला.

"मला विष देतोस?" मी ओरडलो. "तुला माहीत आहे ना मला काय आहे ते?"

"ते समदं मागनं बोला. आदी तोंड उगडा." आणि लहान पोराला औषध पाजावं तसा माझा जबडा धरून त्याने खडा आत सारला. मग कुणाला तरी पिटाळून कँटीनचा चहा मागवला, तोच पिंपातला गोड, आणि पेला माझ्या ओठांना लावून उभा राहिला. मी शिव्या देत प्यायलो.

दहा-पंधरा मिनिटांत डोक्यावरचं झाकण काढल्यासारखं झालं. आवाज नीट ऐकू येऊ लागले, हात थांबले. पहिल्यांदा मी टेबलावरच्या गेजकडे बघितलं.

गेजला गंज चढू नये म्हणून सुट्टीच्या आदल्या दिवशी दोन्ही टोकांना व्हॅसलिन लावून ठेवायची पद्धत होती. सकाळी पुसून काम सुरू करायचं. माझ्या गेजचं गो टोक लखलखीत होतं, पितळेचा पिवळा कस लागलेला. नो-गो टोकावर बुधवारी लावलेलं व्हॅसलिन जसंच्या तसं होतं, माझ्या बोटाच्या ठशासकट. दीडशे बुश मी एकाच टोकाने तपासले होते.

"ट्रे कुठाय?"

"असेंब्लीला गेला. ट्रॉलीवाला न्येऊन बी आला आसंल." मग आवाज खाली करून तो म्हणाला, "भाऊ, मी काय बोलायचो न्हाई. हात दाखवून अवलक्षण कशाला?"

त्याचा माल वाचत होता. माझं टेबल वाचत होतं. तीनही नमुने निळे, डॉक्टर खूश, आणि बघणारे आम्ही दोघंच. मला फार भीती वाटली, ते लपवत नाही. पण ज्याने चार वर्षं माझ्या खवटपणाचा जाच सोसला, तो माणूस आपला माल पास झाला म्हणून चौकशीला आला होता. त्याच्यासमोर बसून मी काय म्हणणार होतो, एवढा एक सोड?

मी असेंब्लीत गेलो. ट्रे अजून फळीवरच होता. तिथल्या फोरमनला म्हणालो, "माझा शिक्का मी मागे घेतोय," आणि कार्डावर पेनाने काट मारली. ट्रे टेबलावर आणून दोन्ही टोकांनी पुन्हा तपासला. एकोणीस बुशांत नो-गो सरळ आत गेलं. चिखलीवाला शेजारी उभं राहून मोजत होता. "एकोनीस!" तो म्हणाला. "आता कसं, आता आमचं भाऊ परत आलं." त्या क्षणी मला त्याचा जेवढा लोभ वाटला तेवढा सख्ख्या भावाचाही वाटला नसेल.

मग दवाखान्यात गेलो आणि सगळं सांगितलं. हुरडा, गूळ, जास्तीची गोळी, उपास, ट्रे. डॉक्टर लाल झाले.

"गोळी पोटात आणि पोट रिकामं. जीव गेला असता, कळतंय का?" ते म्हणाले. "ही नळी फक्त एवढंच सांगते की लघवीत साखर उतरलेली नाही. रक्तात ती ठीक आहे की तळाला गेली, हे तिला कळत नाही. दोन्हीला निळंच."

निळ्याच्या खाली काय असतं? मला बायकोचा प्रश्न आठवला. आयुष्यभर मी लोकांना दोन टोकं शिकवत आलो होतो, आणि स्वतःच्या रक्ताला एकच टोक लावून पास करत बसलो होतो. सातवी शिकलेल्या बाईने नो-गो कुठाय म्हणून विचारलं होतं, आणि मी तिला वेड्यात काढलं होतं.

मी खिशातून शिक्का काढून डॉक्टरांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी तो नको म्हटलं नाही.

घरी सांगणं डॉक्टरांना सांगण्यापेक्षा जड गेलं. बायकोने सगळं ऐकून घेतलं. "मी विचारलं होतं," असं ती म्हणाली असती तर मला बरं वाटलं असतं. ती उठली, ताट वाढलं आणि मी शेवटचा घास खाईपर्यंत समोरून हलली नाही. तिचे डोळे भरले होते. त्या थट्टेचं ओझं तिने उगाच स्वतःच्या माथी घेतलं होतं, ते उतरवायला मला बरेच दिवस लागले.

सहा महिने स्टोअरला काढले. तिथे मी जेवायला शिकलो. गोळी अर्धी झाली. वहीत दोन रकाने वाढले, किती वाजता जेवलो आणि कसं वाटलं. सकाळी एक भाकरी, दुपारी दोन, मधल्या वेळी मूठभर फुटाणे, रात्री वेळेवर. एक जेवण चुकवलं की दुसऱ्या जेवणाला माणूस तुटून पडतो आणि रंग वर उडी मारतो, हेही वहीनेच दाखवलं. भूक आधी आली की रंग बघत बसायचं नाही, खायचं. नळीतला रंग आता क्वचित पिवळा झाला तरी मी घाबरत नसे. सोबत काय होतं, चाललो का, ते बघायचो आणि दुसऱ्या दिवशी दुरुस्त करायचो. नजर स्थिर राहिली. रोग गेला नाही, पण त्याचा स्वभाव मला कळला. माझ्याइतकाच खवट, पण वेळेवर जेवला की शांत.

पावसाळ्यात डॉक्टरांनी मला बोलावून शिक्का परत दिला. त्यांनी तो आपल्या खणात ठेवला होता, जांभळी शाई वाळून गेलेली.

टेबलावर परत जायच्या पहिल्या दिवशी बायकोने डबा भरला. दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, पालेभाजी. मी सायकल काढली तेव्हा ती मागून आली. माझ्या शर्टाच्या खिशात शिक्का होता. तिने तो चाचपून पाहिला, आणि त्याच्या शेजारी कागदाची एक लहान पुडी सारली. उघडून बघितलं तर गुळाचा खडा.

"हा खालच्या बाजूसाठी," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.